मुंडित मस्तकाची चकाकी

न्हाव्याच्या वस्तऱ्याखालून नुकतेंच सुटलेलें डोकें उजेडांत चकाकतें, ही गोष्ट लहान मुलांनाहि ठाऊक असते. किंबहुना लहान मुलांनींच ती आजवर सर्वांत मोठ्यानें बोलून दाखविली आहे. वडील माणसें सभ्यपणानें दुसरीकडे पाहतात. तथापि ज्यांचें डोकें असें चकाकत असे त्यांनीं, आणि ज्यांना तें पाहावें लागे त्यांनींहि, या चकाकीचें काय करावें याचा विचार दोन-अडीच हजार वर्षें केलेला आढळतो. कोणी ती मिरविली, कोणी टोपाखालीं घातली, कोणी पगडीखालीं. कोणी ती पिठाच्या भुकटीनें मारून टाकली. आणि स्त्रियांच्या एका मोठ्या वर्गाला तर ती इच्छेविरुद्ध पत्करून जन्मभर पदराखालीं झांकावी लागली. वरवर थट्टेचा वाटणारा हा विषय पाहतां पाहतां गंभीर होतो, तो असा.

प्रथम ही चकाकी येते कोठून, हें पाहिलें पाहिजे. चेहरा सोडला तर डोक्याच्या कातडींत असतात तितक्या दाट तैलग्रंथि शरीरावर फारशा कोठें नसतात. या ग्रंथींतून पाझरणारें तेल केसांच्या मुळांशीं येतें, आणि केस असले म्हणजे तें त्यांच्यावर पसरून जातें. केस काढले कीं तेलाला पसरावयास केवळ कातडी उरते. तिच्यावर त्याचा पातळ थर बसतो, त्यांत घाम मिसळतो. आणि वस्तऱ्यानें वरची मृत त्वचाहि थोडीशी खरवडून कातडी आधींच गुळगुळीत केलेली असते. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला एका ठराविक दिशेनें परततो, आणि त्या दिशेस ज्याचा डोळा असेल त्याला दिव्याचें प्रतिबिंब दिसतें. त्यांतून डोकें वाटोळें. त्यामुळें कोठेंहि उभें राहून पाहिलें तरी त्याचा कोठला ना कोठला भाग पाहणारापुढें दिवा धरतोच. उपाय दोन: तेल टिपून घेणें, किंवा कातडीवर असें कांहीं पसरणें कीं ज्यानें प्रकाश विखुरला जाईल. बारीक पूड हीं दोन्हीं कामें एकदम करते, म्हणून या इतिहासांत पुडीचें स्थान मोठें आहे.

प्राचीन काळीं ही चकाकी सर्वत्र दोषास्पद मानली जात होती असें मात्र नाहीं. मिसर देशाचे पुजारी एक दिवसाआड सर्वांगाचें क्षौर करीत, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत लिहून ठेवलें आहे. देवापुढें जाणाराच्या अंगावर ऊ किंवा मळ असूं नये, हें त्याचें कारण. भारतांतील बौद्ध भिक्षु व संन्यासी मुंडन करीत, तें केसांबरोबर संसाराची हौसहि उतरवून ठेवण्यासाठीं. अशा डोक्यावर ऊन पडून तें चमकलें, तर त्यांत लाजण्याजोगें कोणास कांहीं वाटत नसे.

रोमन लोकांची गोष्ट निराळी. त्यांच्यांत टक्कल हा थट्टेचा विषय होता, आणि थट्टेला मोठमोठे सेनापतीहि भीत. ज्यूलियस सीझर मागचे केस पुढें ओढून टाळू झांकीत असे. सेनेटनें दिलेल्या सर्व बहुमानांत लॉरेलच्या पानांची माळ नित्य मस्तकावर धारण करण्याचा अधिकार त्याला विशेष प्रिय होता, असें त्याचा चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. पहिल्या शतकांतील मार्शल या कवीनें तर एका गृहस्थाचें बिंगच फोडलें आहे. हे गृहस्थ टाळूवर लेप लावून केसांचें चित्र काढीत; त्यांची हजामत करावयास वस्तरा नको, ओला स्पंज पुरे, असा त्या कवितेचा भावार्थ आहे.

या थट्टेला सडेतोड उत्तर इ. स. ४०० च्या सुमारास सायरीन येथील सिनीसियस या पंडितानें दिलें. हा अलेक्झांड्रिया येथील प्रसिद्ध विदुषी हायपेशिया हिचा शिष्य. पुढें तो ख्रिस्ती धर्माध्यक्ष झाला. डायो क्रायसोस्टम या वक्त्यानें पूर्वीं केसांची स्तुति लिहिली होती; तिच्या खंडनार्थ सिनीसियसनें टकलाचें स्तोत्र लिहिलें. त्याचें म्हणणें असें कीं, सूर्य, चंद्र आणि तारे हे सारे गोल, गुळगुळीत व तेजस्वी आहेत. त्यांच्यापैकीं कोणाला केस आहेत? आकाशांत केसाळ म्हणून एक धूमकेतूच, आणि तो तर चार दिवसांत नाहींसा होणारा व अशुभ! सिनीसियसचा युक्तिवाद अर्धा विनोदाचा आहे हें खरें, पण त्यानें एक गोष्ट अचूक हेरली होती. चकाकी ही डोक्याची, आणि लाज ही पाहणाराच्या मनांतली. तेव्हां लाज काढावयाची तर डोक्यास हात कशाला लावावा?

युरोपनें पुढें त्याचें ऐकलें नाहीं. सतराव्या शतकांत फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचे केस गळूं लागले, आणि तो केसांचा टोप घालूं लागला. त्याचा मुलगा चौदावा लुई यानें टोपाला असें राजवैभव आणून दिलें कीं, युरोपांतील प्रत्येक प्रतिष्ठित पुरुषाला तो घालणें भाग पडलें. टोप नीट बसावा, खालीं उकडूं नये, आणि उवांना थारा मिळूं नये, म्हणून स्वतःचे केस काढून टाकणें सोयीचें असे. लंडनच्या आरमारी कचेरींतील सॅम्युएल पीप्स यानें १६६३ च्या नोव्हेंबरांत आपले केस उतरवून टोप चढविल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली आहे. दोन वर्षांनीं लंडनांत प्लेग आला, तेव्हां त्यानेंच अशी शंका लिहून ठेवली कीं, प्लेगनें मेलेल्यांचे केस कापून टोप केले जात असतील या भीतीनें आतां टोप घेणार कोण? पण भीति गेली, टोप राहिला. अशा रीतीनें जवळजवळ शंभर वर्षें युरोपांतील सरदार, न्यायाधीश, वैद्य, व्यापारी यांच्यांतील कितीतरी डोकीं टोपाखालीं तुळतुळीत होतीं. आणि तीं कोणास दिसत नसत.

घरीं आल्यावर काय? टोप जड आणि उष्ण. तो खुंटीवर गेला कीं उघडें डोकें थंडीनें गारठे, आणि चारचौघांत तें दाखविणें हें तर असभ्यपणाचें लक्षण. म्हणून घरांत मऊ टोपी घालीत, आणि तिच्याबरोबर एक सैल अंगरखा. या अंगरख्याचें इंग्रजी नांव ‘बनियन’, आणि तें आलें हिंदुस्थानांतील वाण्यांवरून. त्यासाठीं कापडहि पुष्कळदां हिंदुस्थानचेंच, छापील चिटाचें असे. आज मराठी घरांत दोरीवर वाळत पडणारी बनियन त्याच शब्दाची वंशज आहे. अठराव्या शतकांतील चित्रकारांनीं कित्येक विद्वानांना व व्यापाऱ्यांना याच वेषांत रंगविलें, पण टोपीखेरीज नव्हे. उघडें मुंडित मस्तक दाखवावयाचें तें कोणाचें, हें पाहावयाचें असेल तर विल्यम होगार्थ याची, एका उधळ्या तरुणाच्या अधःपातावरील चित्रमाला पाहावी. तिचीं मुद्रित चित्रें १७३५ सालीं प्रसिद्ध झालीं. जुगाराच्या अड्ड्यांत सर्वस्व हरलेल्या त्या तरुणाचा टोप गळून पडलेला आहे. आणि शेवटच्या चित्रांत वेड्यांच्या इस्पितळांत तो मुंडित डोक्यानें जमिनीवर पडला आहे. उघड्या डोक्याचा अर्थ त्या समाजांत सर्वनाश असा झाला होता.

टोपावर भुकटी आली. प्रथम टोपाला चरबीचें सुगंधी मलम चोळीत, आणि मग भात्यानें त्यावर पांढरी पूड उडवीत. ही पूड नाकातोंडांत जाऊं नये म्हणून गृहस्थ कागदाचा एक शंकु तोंडावर धरून बसत. मोठ्या घरांत या कामासाठीं निराळी लहान खोली असे. पूड चांगल्या प्रतीची असेल तर ती गव्हाच्या सत्त्वाची असे, म्हणजे जें पोटांत जावयाचें त्याचीच. उंच टोपांची चाल अठराव्या शतकाच्या अखेरीस मावळत चालली आणि पुष्कळजण स्वतःचे केस वाढवूं लागले, तरी भुकटी सुटली नाहीं. ती आतां त्यांच्या स्वतःच्या केसांवर पडूं लागली. राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्यें भुकटी हें सरदारवर्गाचें चिन्ह म्हणून मागें पडली, पण खुद्द रोबेस्पिअर अखेरपर्यंत केस पावडर लावून नीटनेटके ठेवीत असे. क्रांति आणि अभिरुचि यांचा मेळ सर्वदा बसतोच असें नाहीं.

इंग्लंडांत हा प्रश्न १७९५ सालीं पोटाशीं येऊन भिडला. आदल्या वर्षीं पीक वाईट आलें होतें, फ्रान्सशीं युद्ध चालू होतें, धान्य महागलें होतें, आणि ठिकठिकाणीं भाकरीसाठीं दंगे होत होते. पंतप्रधान पिट याला युद्धासाठीं पैसा हवा होता. त्यानें केसांच्या भुकटीवर कर बसविला: ज्याला भुकटी वापरावयाची असेल त्यानें वर्षास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरून दाखला घ्यावा. कायद्याला सवलतीहि होत्या. राजघराण्याला कर माफ; ज्याचें वार्षिक उत्पन्न शंभर पौंडांहून कमी अशा पाद्र्याला माफ; आणि ज्या बापाच्या घरीं दोहोंपेक्षां अधिक अविवाहित मुली असतील त्यानें दोघींपुरताच कर द्यावा, बाकीच्या त्यांत निभावून जात. कायदा करणाऱ्यांपैकीं कोणीतरी घरीं मुलींचा बाप असला पाहिजे.

कर भरणाऱ्यांना लोकांनीं ‘गिनी पिग’ म्हणावयास सुरुवात केली. ही कोटी भाषेची म्हणून चांगली होती, पण तिच्या पोटांत राग होता. एकाच गव्हाचें एक टोक उपाशी मजुराच्या घराकडे जावयाचें, तें दुसऱ्याच्या डोक्यावरून जमिनीवर सांडत होतें. विरोधी व्हिग पक्षाच्या कांहीं सरदारांनीं, ड्यूक ऑफ बेडफर्ड व त्याच्या मित्रांनीं, त्याच वर्षीं वोबर्न अ‍ॅबी येथें जमून आपले केस आंखूड कापून घेतले आणि भुकटीला रजा दिली. त्यांत लोकांविषयींचा कळवळा किती आणि पिटवरचा राग किती, हें सांगणें कठीण आहे. परंतु फॅशन ही तत्त्वापेक्षां लवकर पसरते. थोडक्या वर्षांत पावडर लावलेलें डोकें म्हाताऱ्याचें किंवा चाकराचें समजलें जाऊं लागलें. कर मात्र कागदावर १८६९ पर्यंत राहिला.

आतां त्याच वर्षीं पुण्याकडे पाहावें. कारण १७९५ हें साल मराठी इतिहासांत कोणी विसरूं शकत नाहीं. मार्चमध्यें खर्ड्यास निजामाचा पराभव झाला आणि ऑक्टोबरांत सवाई माधवरावाचा अंत झाला. पुण्यांत १७८६ पासून सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. १७९० सालीं टिपूविरुद्ध पुण्यास झालेल्या तहाच्या दरबाराचें मोठें चित्र पुढें १८०५ सालीं टॉमस डॅनियल यानें पुरें केलें. तें जेम्स वेल्स याच्या पुण्यांतील अभ्यासचित्रांवर आधारलें होतें. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढणारा वेल्स तो हाच. या दरबारांत दोन राज्यकर्ते वर्ग समोरासमोर आले होते, आणि दोघांच्याहि रिवाजांत वस्तरा होता. इंग्रजांच्या बापजाद्यांनीं टोपासाठीं डोकें भादरलें होतें. मराठी पुरुष शेंडी राखून डोकें भादरीत होते, आणि त्यावर पगडी ठेवीत. फरक एवढाच कीं, लंडनच्या गृहस्थाला डोक्याची कातडी स्वतःपासूनहि लपवावयाची होती. पुण्याच्या गृहस्थाला तशी गरज भासत नसे. क्षौर, स्नान, आणि डोक्यास तेल हा त्याचा नियम. तेलानें चकाकी वाढे, कमी होत नसे. पूजेस व जेवावयास तो उघड्या डोक्यानेंच बसे. पगडी ही बाहेर जाण्याची प्रतिष्ठा होती. चकाकीवरचें पांघरूण नव्हतें. ‘गुळगुळीत’, ‘तुळतुळीत’, ‘चमनगोटा’ हे शब्द मराठींत आहेत, त्यांत मिष्किलपणा आहे, पण होगार्थच्या चित्रांतली भीति नाहीं.

ही झाली पुरुषांची गोष्ट. त्याच घरांत, त्याच न्हाव्याच्या हातून, विधवेचेंहि डोकें भादरलें जात होतें. ब्राह्मणांत व त्यांचें अनुकरण करणाऱ्या इतर कांहीं जातींत पति वारला कीं स्त्रीचें केशवपन होई. कधीं कधीं ती बारा-तेरा वर्षांची मुलगी असे. पुरुषाचें मुंडण त्याला देवापुढें नेई. हिचें मुंडण हिला मंगलकार्यापासून दूर करी. तेंच तेल, तीच कातडी, तोच प्रकाश. पण या मस्तकावर प्रकाश पडूंच नये, कोणाची दृष्टि पडूंच नये, अशी समाजाची आज्ञा होती. तांबड्या आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून तिनें आपलें डोकें झांकावें, आणि पंधरा दिवसांनीं तें पुनः वस्तऱ्याखालीं द्यावें. पुरुषाला शेंडी ठेवावी कीं काढावी याचा पुढें निदान वाद घालतां आला. तिला कोणी विचारलें नाहीं.

या चालीविरुद्ध गोपाळ गणेश आगरकरांनीं आपली लेखणी झिजविली, पण तिला सर्वांत सरळ उत्तर ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनींच दिलें. १८९० सालीं मुंबईंत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी मंडळी सभेस जमली, आणि विधवांचें डोकें आपण यापुढें भादरणार नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी व गिरणी कामगारांचे पुढारी. ज्या धंद्याला गांवांत नेहमीं हुकूम ऐकण्याची संवय, त्यानें धर्मशास्त्र्यांना नकार देणें ही लहान गोष्ट नव्हती. त्यांत मिळकतीचा तोटाहि होताच. चाल एका दिवसांत गेली नाहीं. विसाव्या शतकांतहि पुष्कळ वर्षें महाराष्ट्रांतल्या वाड्यांतून ती मस्तकें पदराआड वावरत होतीं. पण वस्तरा धरणारा हातच आखडतो म्हटल्यावर त्या चालीचा पाया हलला.

इकडे युरोपांत, उघड्या डोक्यावर प्रकाश पाडण्याचा धंदाच वाढत होता. तो धंदा नाट्यगृहाचा. मेणबत्त्यांच्या उजेडांत चकाकी फारशी खुपत नसे. एकोणिसाव्या शतकांत रंगभूमीवर प्रथम वायूचे दिवे आले, मग चुन्याच्या कांडीवर ज्वाला सोडून केलेला प्रखर पांढरा प्रकाश आला, आणि १८८१ सालीं लंडनचें सॅव्हॉय नाट्यगृह विजेनें उजळलें. नटाच्या कपाळावरचा घाम आतां शेवटच्या रांगेंतून दिसूं लागला. लुडविग लाइखनर या जर्मन गायक-नटानें १८७३ सालीं बर्लिनमध्यें रंगाचा कारखाना काढला. त्याच्या चरबीयुक्त रंगाच्या कांड्या जगभर गेल्या. पण चरबी स्वतःच चमकते! म्हणून रंग लावल्यावर पुनः पूड लावणें आलेंच. अठराव्या शतकांतलें मलम आणि भुकटी यांचें जोडपें असें डोक्यावरून तोंडावर उतरलें.

चित्रपटानें अडचण आणखी वाढविली. आरंभींच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तो काळा उमटे. पुढें सर्व रंग टिपणारी फिल्म आली, आणि त्यानंतर टेक्निकलर. या रंगीत चित्रणांत चरबीचा रंग लावलेला चेहरा आरशासारखा वागूं लागला: नटीच्या हिरव्या झग्याची झांक तिच्या हनुवटीवर दिसे. मॅक्स फॅक्टर याच्या कारखान्यानें या रोगावर औषध काढलें. मूळचा पोलंडचा आणि १९०४ सालीं अमेरिकेस गेलेला हा टोप करणारा कारागीर. म्हणजे ज्या धंद्यापासून ही कथा सुरू झाली त्याच धंद्यांतला. त्याच्या ‘पॅन-केक’मध्यें पूड वडीच्या रूपांत दाबून बसविलेली होती. ओल्या स्पंजानें ती लावली कीं पाणी उडून जाई आणि मागें एक पातळ, निस्तेज थर राही. १९३७ मध्यें पडद्यावर आलेल्या ‘व्होग्ज ऑफ १९३८’ या चित्रपटांत तिची परीक्षा झाली. आणि नट्यांनीं त्या वड्या चोरून घरीं नेल्यामुळें त्या बाजारांत आल्या, अशी आख्यायिका आहे.

मग एकदां असें झालें कीं मुंडित डोकेंच नायक बनलें. १९५१ सालीं न्यूयॉर्कमध्यें ‘द किंग अँड आय’ या संगीत नाटकांत सयामच्या राजाची भूमिका यूल ब्रिनर याला मिळाली. त्याचे केस आधींच विरळ होत चालले होते. वेषभूषाकार आयरीन शॅराफ हिनें उरलेलेहि काढ म्हणून सुचविलें, आणि त्यानें प्रथम कां कूं करून मग तें मानलें. त्या नाटकांतील राजा म्हणजे सयामचा राजा मोंगकुट. तो सिंहासनावर येण्यापूर्वीं सत्तावीस वर्षें भिक्षु होता, तेव्हां मुंडन त्याच्या चरित्रास परकें नव्हतें. ब्रिनरनें ही भूमिका आयुष्यभरांत ४,६२५ वेळां केली, आणि डोकें पुनः झांकलें नाहीं म्हटलें तरी चालेल. पुढें टेली सव्हालास यानें पिलाताच्या भूमिकेसाठीं डोकें भादरलें तें कायमचेंच. १९७३ पासून ‘कोजॅक’ या मालिकेंत तेंच घरोघरीं दिसूं लागलें. सिनीसियसला हे दोघे शिष्य दीड हजार वर्षांनीं मिळाले.

स्त्रीला ही मोकळीक उशिरां मिळाली, आणि ती प्रथम घेणाऱ्यांत एक मुंबईकर होती. १९६५ सालची ‘मिस इंडिया’ पर्सिस खंबाटा हिनें १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठीं आपले लांब केस उतरविले. केस उतरत असतांना तिच्या डोळ्यांत पाणी आलें. पण भूमिका तिनें स्वतः पत्करलेली होती, आणि चित्रण चालू असेतों तिचें डोकें रोज नव्यानें भादरून रंगवावें लागे. इ. स. २००० मध्यें दीपा मेहता यांनीं काशींतील विधवांवर ‘वॉटर’ चित्रपट करावयास घेतला. शबाना आझमी व नंदिता दास यांनीं त्यासाठीं मुंडन केलें. परंतु वाराणशीस निदर्शकांनीं देखावा मोडून टाकला, आणि सरकारनें चित्रण थांबविलें. चित्रपट पुढें श्रीलंकेंत, निराळ्या नटींना घेऊन पुरा झाला आणि २००५ सालीं पडद्यावर आला. पदराआडचें तें मस्तक उजेडांत आणण्यास, केशवपनाची चाल मोडल्यावरहि, एवढा विरोध उरला होता.

आज डोकें भादरणारा गृहस्थ बहुधा हौसेनें किंवा टक्कल पडूं लागलें म्हणून भादरतो, आणि चकाकी नको असेल तर त्याला बाजारांत पुष्कळ साधनें मिळतात. त्यांतील घटक पाहिले तर जुनी ओळख पटते: मक्याचें किंवा तांदळाचें सत्त्व, शंखजिरें, आणि वाळूचीच अतिसूक्ष्म रूपांतरें. हे कण तेल शोषतात आणि प्रकाश विखुरतात; काम पिटच्या काळच्या भुकटीचेंच. फक्त कॅमेऱ्याच्या झगझगत्या दिव्यापुढें त्यांतील कांहीं कण एक नवाच खेळ करतात. घरच्या उजेडांत मुळींच न दिसणारी ही पूड छायाचित्र काढतांच पांढऱ्या डागांसारखी उमटते, आणि चकाकी घालविण्यासाठीं जें लावलें तेंच चकाकूं लागतें.